वाचकांचे प्रश्न : दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाविषयी होती. त्यांपैकी एकमेकांशी नाते सांगणारे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा केनेडी या विमानतळांमधले अंतर मी तीन ठिकाणी पाहिले. एकीकडे ५,५४०, दुसरीकडे ५,५५५ आणि तिसरीकडे केवळ २,९९१ असा आकडा मिळाला. विमानतळ काही जागचे हललेले नाहीत. मग यातला खरा आकडा कोणता?

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांच्यापुढे काय लिहायचे राहून गेले ते पाहायला हवे. सर्वात लहान आकडा सागरी मैलांतला आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे माप मूळचे पृथ्वीवरूनच घेतलेले आहे, कारण अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग जमिनीवर साधारण एक सागरी मैल भरतो. रस्त्यावरचा नेहमीचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, आणि या दोन मैलांच्या गोंधळातून निघणारी चूक थोडीथोडकी नसते. त्याच मार्गाचे अंतर नेहमीच्या मैलांत ३,४४२ भरते, म्हणजे तुम्हांला चौथा आकडाही भेटू शकला असता.

५,५४० आणि ५,५५५ यांतला फरक अधिक रंजक आहे. दोन्ही आकडे किलोमीटरमध्येच आहेत, पण पहिला काढताना पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नीटस गोल आहे असे मानलेले आहे. वास्तविक पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, तिची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात धरला की याच मार्गावर पंधराएक किलोमीटर वाढतात. पूर्व-पश्चिम दिशेच्या आणि उत्तर-दक्षिण दिशेच्या मार्गांवर हा फरक वेगवेगळा पडतो, पण तो सहसा अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो नगण्य आहे, कारण पंधरा किलोमीटर कापायला विमानाला एक मिनिट पुरते.

गोल मानून काढलेला आकडा तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. हीथ्रोचे अक्षांश ५१.४७ उत्तर आणि केनेडीचे ४०.६४ उत्तर असून दोहोंच्या रेखांशांत सुमारे ७३.३२ अंशांचा फरक आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन अशा तिघांचा गुणाकार करून तो पहिल्या गुणाकारात मिळवा. बेरीज सुमारे ०.६४५ येते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन ४९.८२ अंशांचा, आणि पृथ्वीवर दर अंशाला १११.१९५ किलोमीटर धरले की ५,५४० हा आकडा हाती येतो. जाता जाता सांगायचे तर ‘साइन’ हा शब्द संस्कृत ‘जीवा’चाच फिरून आलेला अवतार आहे. अरबी लेखकांनी तो जसाच्या तसा उचलला, पुढे लॅटिनमध्ये नेणाऱ्यांनी त्याला सारखाच दिसणारा दुसरा अरबी शब्द समजून त्याचे भाषांतर केले, आणि धनुष्याच्या दोरीचे नाव बदलून ‘उपसागर’ किंवा ‘खोळ’ अशा अर्थाचे ‘सायनस’ होऊन बसले.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातले सिडनी आणि चिलीतले सांतियागो ही दोन्ही शहरे नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेत आहेत. तरीही त्यांच्यामधल्या विमानाचा मार्ग दक्षिणेकडे खोल झुकलेला का दाखवतात? सरळ पूर्वेकडे गेले तर जवळ पडणार नाही का?

उत्तर : जवळ पडणार नाही. गोलावर दोन बिंदूंमधला सर्वात जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे ज्या वर्तुळाचा केंद्रबिंदू पृथ्वीच्याच केंद्राशी असतो त्या वर्तुळावरून. विषुववृत्त सोडले तर बाकीची अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नसतात, त्यामुळे अक्षवृत्ताला धरून जाणे हा वळसाच ठरतो. सिडनी आणि सांतियागो दोन्ही साधारण ३४ अंश दक्षिणेला आहेत. त्या अक्षवृत्तावरून सरळ पूर्वेला गेल्यास सुमारे १२,७७० किलोमीटर कापावे लागतील, तर बृहद्वृत्तावरून हेच अंतर सुमारे ११,३४० किलोमीटर आहे. या दुसऱ्या मार्गाचे सर्वात दक्षिणेकडचे टोक जवळजवळ ६२ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या शेजारात जाऊन पोहोचते. पंचांगाएवढा पातळ कागद वापरून पृथ्वीचा गोल सपाट केला तरी कुठेतरी तो ताणला जाणारच, आणि आपल्या सवयीच्या नकाशांत हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. म्हणून नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात लांबचा रस्ता असते आणि जवळचा रस्ता तेथे धनुष्यासारखा वाकडा दिसतो. शंका असल्यास घरातल्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा, तो आपोआप बृहद्वृत्तावर येऊन बसतो.

प्रश्न : लंडनहून न्यूयॉर्कला जाताना लागतो त्यापेक्षा परत येताना तासभर कमी वेळ लागतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते. पण मग पूर्वेकडे जाणाऱ्या विमानापासून गंतव्य स्थान दूर पळायला हवे आणि त्याला जास्त वेळ लागायला हवा. माझे कोठे चुकते?

उत्तर : आपण शंका घेतली तेथेच तिचे अर्धे उत्तर आहे. धावपट्टीवर उभे असलेले विमान जमिनीबरोबर आधीच फिरत असते आणि त्याच्याभोवतीची हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. विषुववृत्तावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. हवा त्यात सामील नसती तर तेथे सतत तेवढ्या वेगाचा वारा सुटला असता आणि विमानतळच काय, झाडही उभे राहिले नसते. म्हणून पृथ्वी ‘खालून सरकते’ या कल्पनेला येथे वाव नाही.

वेळेतला फरक वाऱ्यामुळे पडतो. प्रवासी विमाने जेथून उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे आणि हिवाळ्यात तो कधीकधी तीनशेच्याही पुढे जातो, कारण त्या काळात उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतली तफावत वाढलेली असते. हे वारे पूर्वेकडे वळतात ते मात्र पृथ्वीच्या परिवलनामुळेच. तेव्हा आपला संशय अगदीच अस्थानी नव्हता, फक्त परिवलनाचा परिणाम विमानावर थेट न होता वाऱ्याच्या मार्फत होतो.

या वाऱ्यांचा शोधही चटका लावणारा आहे. जपानमधील वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या थरांतल्या प्रचंड वाऱ्यांची मोजमापे केली. जगभर वाचले जावे म्हणून त्याने आपला अहवाल सर्व देशांसाठी मुद्दाम घडवलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून झेपावणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हेच वारे पुन्हा नव्याने भेटले.

वाऱ्याची ताकद किती असते याचे एक अलीकडचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सियारा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ जातीचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्या प्रवासात जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर, उणे ५६ अंश सेल्सिअस तापमानात, ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणून काहींनी ते विमान ध्वनीपेक्षा वेगाने उडाल्याचे सांगितले. ते बरोबर नाही. विमानाने आपल्या सभोवतीच्या हवेतून ध्वनीपेक्षा कमीच वेग राखला होता, ती हवाच त्याला उचलून पुढे नेत होती. खऱ्या अर्थाने ध्वनीला मागे टाकणाऱ्या कॉंकॉर्डने हेच अंतर ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत कापले होते.

जाताना वाऱ्याने घेतलेला वेळ येताना पुरता परत मिळतो, असा एक समज पत्रात डोकावतो. तोही तपासून घेऊ. पाच हजार किलोमीटरचा मार्ग आणि ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान धरा. वारा नसेल तर जाऊन येऊन ११ तास ७ मिनिटे लागतील. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर एका बाजूला ५ तास आणि दुसऱ्या बाजूला सव्वासहा तास, म्हणजे एकूण ११ तास १५ मिनिटे होतात. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते, त्यामुळे वाऱ्याचे देणे त्याच्या घेण्यापेक्षा नेहमी थोडे कमीच पडते.

प्रश्न : तिकिटावर आठ तासांचा प्रवास लिहिला होता, पण वैमानिकाने सात तास पाच मिनिटांत पोहोचू असे सांगितले. विमान कंपनी वेळ वाढवून सांगते काय?

उत्तर : थोडीफार वाढवते, पण त्यात लबाडी फारशी नाही. तिकिटावरचा वेळ चाकांना अडवणारे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो, म्हणून त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर फलाटापर्यंत येणे, यांत मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. वैमानिक सांगतो तो वेळ चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा. शिवाय वेळापत्रक महिनोन् महिने आधी ठरते आणि त्या दिवशी वारा कसा असेल हे कोणाला ठाऊक नसते, त्यामुळे मागच्या हंगामांतले अनुभव पाहून त्यात थोडी सैल जागा ठेवली जाते. वेळेवर पोहोचल्याचे श्रेय मिळावे हा हेतू त्यात मुळीच नसतो, असेही म्हणवत नाही.

प्रश्न : टोकियोहून दहा तारखेला संध्याकाळी पाच वाजता निघणारे विमान लॉस एंजेलिसला दहा तारखेलाच सकाळी दहा वाजता पोहोचते, असे वेळापत्रकात दिसले. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. दोन्ही वेळा ज्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे दिलेल्या असतात आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. अशा वेळी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत बदलून घ्याव्यात. टोकियो तिच्या नऊ तास पुढे आहे, म्हणून संध्याकाळचे पाच म्हणजे जागतिक वेळेनुसार सकाळचे आठ. हिवाळ्यात लॉस एंजेलिस आठ तास मागे असते, म्हणून तेथले सकाळचे दहा म्हणजे जागतिक वेळेनुसार संध्याकाळचे सहा. प्रवास सरळ दहा तासांचा आहे. उलट दिशेला एक तारीख गिळली जाते. लॉस एंजेलिसहून दहा तारखेला सकाळी साडेअकराला निघून बारा तास उडालेले विमान टोकियोला अकरा तारखेला दुपारी साडेचारला उतरेल. अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू झाली, म्हणजे घड्याळे तासभर पुढे केली, की हे सारे तासाने सरकते, त्यामुळे जानेवारीतला हिशेब जुलैमध्ये वापरू नये.

प्रश्न : विमान प्रत्यक्षात सर्वात जवळच्या मार्गानेच जाते काय? तसे असेल तर सिंगापूर ते न्यूयॉर्क विमान उत्तर ध्रुवावरून जायला हवे.

उत्तर : आपली भूमिती अचूक आहे. सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचे अंतर आहे, म्हणजे दोन्ही शहरे ध्रुवाच्या समोरासमोरच्या बाजूंना आहेत. एका शहरापासून ध्रुवापर्यंत आणि तेथून दुसऱ्या शहरापर्यंत असे अंतर मोजले तरी ते सुमारे १५,३४५ किलोमीटर भरते आणि प्रसिद्ध आकड्याशी जवळपास जुळते. प्रत्यक्षात मात्र सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावरून जाते आणि न्यूयॉर्कहून परतणारे कित्येकदा अटलांटिक ओलांडून युरोपच्या दिशेने येते. दोन्ही वेळा तोंड पूर्वेकडे, म्हणजे वारा पाठीशी. त्यात हजारभर किलोमीटर जास्त पडले तरी वेळ आणि इंधन वाचत असेल, तर तोच मार्ग स्वस्त ठरतो. जाऊन येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते, हे पुष्कळ प्रवाशांच्या ध्यानातही येत नाही.

येथेच जमिनीवरचे अंतर आणि हवेतले अंतर यांची फारकत होते. विमानाच्या दृष्टीने त्याने किती हवा कापली याला महत्त्व असते, आणि खालची जमीन किती सरकली ही गोष्ट त्यानंतर येते. उत्तर अटलांटिकवरचे समांतर मार्ग याच विचाराने रोजच्या वाऱ्यानुसार नव्याने आखले जातात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळे मार्ग असतात. त्यामुळे काल आणि आज एकाच नावाचे उड्डाण शेकडो किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला असू शकते.

वाऱ्याखेरीज दोन मोठी कारणे आहेत. पहिले कारण इंजिनांचे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकेत १९५३ साली ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली आणि २०१४ मध्ये एअरबस ए३५० या विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. सिडनी-सांतियागोसारख्या निर्मनुष्य महासागरावरच्या मार्गांवर ही मर्यादा जेवढी सैल, तेवढे विमान बृहद्वृत्ताच्या जवळ जाऊ शकते. दुसरे कारण राजकीय सीमांचे, आणि त्याचा परिणाम सर्वात अचानक होतो. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामधले जवळचे अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर असून रशियावरून जाताना त्याला साडेनऊ तासांच्या आसपास लागत. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाची हवाई हद्द बंद झाली, आणि मार्चमध्ये फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने उत्तर ध्रुवावरून वळसा घालून हाच प्रवास सुमारे तेरा तासांत सुरू केला. दोन शहरांमधले जवळचे अंतर मात्र एक मीटरनेही बदलले नव्हते.

कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करणाऱ्यांनाही हा वळसा धरावाच लागतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत बृहद्वृत्तावरील अंतर ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर त्यात ५०, त्याहून जास्त पण ५,५०० पर्यंत असेल तर १००, आणि त्याच्याही पुढे असेल तर १२५ किलोमीटर मिळवले जातात. माझ्या मते अतिलांब मार्गांसाठी ही भर फारच हात आखडून केलेली आहे, कारण सिंगापूर-न्यूयॉर्कसारख्या उड्डाणाला १२५ किलोमीटरमध्ये गुंडाळता येत नाही.

प्रश्न : दोन दूरच्या विमानतळांमधल्या प्रवासाला किती वेळ लागेल याचा तोंडी अंदाज बांधता येईल असे काही सूत्र आहे काय?

उत्तर : आहे, आणि ते पुरेसे चांगले आहे. बृहद्वृत्तावरील किलोमीटरना ९०० ने भागावे आणि चढण्या-उतरण्यातल्या मंद वेगासाठी अर्धा तास मिळवावा. आजची मोठी विमाने ध्वनीच्या सुमारे ८५ टक्के वेगाने उडतात आणि त्या उंचीवर तो वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. म्हणून हा भाजक निवडला आहे. हा झाला हवेतला वेळ. मध्यम अक्षांशांत पूर्वेकडे जात असाल तर त्यातून दर दहा तासांमागे पाऊण तास वजा करावा, पश्चिमेकडे जात असाल तर तेवढाच मिळवावा. तिकिटावरचा वेळ हवा असेल तर आणखी अर्धा तास धरावा. उत्तर-दक्षिण मार्गावर वाऱ्याची दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

लंडन-न्यूयॉर्कसाठी या हिशेबाने ६ तास ४० मिनिटे येतात. वाऱ्याची दुरुस्ती केल्यावर जाण्याचे सव्वासात आणि येण्याचे सहा तासांच्या थोडे वर होतात, आणि प्रत्यक्षात साधारण तसेच घडते. लंडन-सिडनी हे सुमारे १७,०२० किलोमीटरचे अंतर घेतले तर वाऱ्याशिवाय १९ तास २५ मिनिटे निघतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने प्रयोग म्हणून लंडनहून सिडनीला न थांबता एक विमान नेले. सुमारे पन्नास माणसे आणि जवळजवळ शंभर टन इंधन घेऊन गेलेल्या त्या बोइंग ७८७-९ विमानाला १९ तास १९ मिनिटे लागली. ही जुळणी पाहून सूत्रावर फार विश्वास टाकू नये, कारण ते विमान १७,०२० ऐवजी सुमारे १७,८०० किलोमीटर उडाले होते आणि जास्तीच्या आठशे किलोमीटरचा वेळ त्याला पाठीमागच्या वाऱ्याने भरून दिला होता.